यरीहोचा तट आणि आमचा बांध

आषाढांत आसनगावाहून माहुली दिसत नाहीं. एरवीं स्टेशनाबाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो हाच डोंगर. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग.  १६३६ सालीं शहाजीराजांना मोंगल आणि आदिलशाही फौजांपुढें शस्त्र खालीं ठेवावें लागलें तें येथेंच, आणि १६७० सालीं मराठ्यांनीं पुन्हां जिंकून घेतला तो हाच किल्ला. परंतु एकदां पावसानें ठाण मांडलें कीं आठ आठ दिवस हा सारा डोंगर ढगांआड जातो, आणि लावणीच्या चिखलाखेरीज पाहण्याजोगें कांहीं उरत नाहीं. लढायांचा हा जुना साक्षीदार असा दृष्टीआड झाला असतां, घरांत बसून आम्ही एका दूरच्या देशांतील लढाया वाचीत होतों.

पुस्तक वडिलांच्या लांकडी पेटींतलें. वडील शाळामास्तर होते. धर्माच्या बाबतींत ते कर्मठ नव्हते, आणि पुस्तकांच्या बाबतींत त्यांना निषिद्ध असें कांहींच नव्हतें. वर ज्ञानेश्वरी, तिच्याखालीं 'गीतारहस्य', आणि त्याच्याहि खालीं पाठीवरचें कापड उसवलेली मराठी बायबलाची एक प्रत, असा त्या पेटींतला क्रम होता. नवा करार आम्हीं पूर्वीं चाळला होता; डोंगरावरील प्रवचन कोणास आवडत नाहीं? या खेपेस मात्र गुडघ्याच्या दुखण्यामुळें लावणीस उतरतां येईना, म्हणून ग्रंथ आरंभापासून वाचावयास घेतला, आणि यहोशवाच्या पुस्तकापाशीं येऊन थबकलों.

यरीहो नगराभोंवतीं इस्राएल लोक फिरत आहेत. सहा दिवस दररोज एक फेरी. मेंढ्यांच्या शिंगांचीं रणशिंगें घेतलेले सात याजक पुढें. सातव्या दिवशीं सात फेऱ्या, मग सर्वांचा एकच गजर, आणि तट जागच्या जागीं कोसळला. येथवर कथा एखाद्या पुराणासारखी रम्य आहे. परंतु लगेच पुढें नगरांतील पुरुष आणि स्त्रिया, तरुण आणि म्हातारे, बैल, मेंढरें आणि गाढवें, सर्वांस तलवारीनें मारल्याचें सांगितलें आहे. वांचली ती हेरांना आसरा देणारी राहाब नांवाची वेश्या आणि तिच्या घरचीं माणसें. शत्रूवर प्रेम करण्याची शिकवण ज्या ग्रंथांत आहे, त्याच ग्रंथांत हें! आम्हीं पुस्तक मिटलें.

आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं तेंच पान उघडलें. कां उघडलें हें सांगणें लाजिरवाणें आहे, पण तें सांगितल्यावांचून पुढील लिहिण्यास अर्थ नाहीं. त्या गजराचा, त्या कोसळत्या तटाचा आम्हांस आंतून आनंद होत होता. कारण त्या वेळीं आमचाहि एक शत्रु होता, आणि तो आमच्या घरापासून शंभर पावलांवर राहत होता. तो आमचा सख्खा वडील भाऊ.

भांडण अकरा गुंठे वरकसाचें. ओहोळाच्या कांठीं, भातखाचरांच्या वरच्या अंगास ती जमीन. तींत पूर्वीं नागली होई, पुढें नुसतें गवत. वडील असेपर्यंत ती कोणाची हा प्रश्न कोणास पडला नाहीं. ते गेले, तोंडी वांटणी झाली, महामार्गाकडील जमिनींना भाव आला, आणि त्या गवताला एकाएकीं दोन धनी झाले. बांध कोणीं सरकविला यावरून शब्दाला शब्द लागला. मोजणी झाली, फेरमोजणी झाली, दावा झाला. नऊ वर्षें आम्ही दादांशीं बोललों नाहीं. आईच्या श्राद्धाचीं पानें दोन घरीं वेगवेगळीं वाढलीं गेलीं. यरीहोला फेऱ्या घालणाऱ्या सैन्यांत आम्ही मनानें केव्हां सामील झालों, आणि तटाच्या आंत कोणाचें घर आम्हांस दिसत होतें, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

लढाईची कथा वाचणारानें शत्रु कोठें आहे हें प्रथम ठरविलें पाहिजे. आमच्याकडील वाचकास हा प्रश्न नवा नाहीं. गीतेनें तो आमच्यापुढें केव्हांच टाकला आहे. गांधींनीं १९२९ सालीं गीतेचें भाषांतर पुरें केलें. कुरुक्षेत्रावरील युद्ध हें निमित्त असून माणसाच्या हृदयांत सतत चालणाऱ्या द्वंद्वाचेंच तें वर्णन होय, असें मत त्यांनीं त्याच्या प्रस्तावनेंत मांडलें आहे. त्यापूर्वीं १९१५ सालीं टिळकांचें 'गीतारहस्य' प्रसिद्ध झालें होतें. त्यांतील अर्जुन मात्र खऱ्या रणांगणावर उभा आहे, आणि त्याला खरेंखुरें कर्म करावयाचें आहे. एकाच ग्रंथाचे हे दोन थोर वाचक, आणि दोघांनींहि तुरुंग पाहिलेला. बाहेरच्या जगाशीं ज्यांचा झगडा सारखाच खरा होता, त्यांनीं एकाच युद्धाची जागा दोन ठिकाणीं दाखवावी, यावरूनच प्रश्न किती अवघड आहे तें कळून येईल.

बायबलाच्या वाचकांतहि हा विचार फार जुना आहे. तिसऱ्या शतकांतील आलेक्झांड्रियाचा पंडित ओरिजेन यानें यहोशवाच्या पुस्तकावर दिलेलीं प्रवचनें रुफिनस याच्या लॅटिन भाषांतरांत टिकून राहिलीं आहेत. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: ह्या लढाया आत्म्याच्या लढायांच्या खुणा नसत्या, तर शांति शिकवावयास आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनीं हीं पुस्तकें मंडळींत वाचावयास दिलींच नसतीं. यहोशवा आणि येशू हीं मुळांत एकच नांवें. ग्रीक भाषेंत तर दोहोंत कांहींच भेद नाहीं. तेव्हां कनान देश म्हणजे आपलें अंतःकरण, तेथील राजे म्हणजे तेथें ठाण मांडून बसलेले विकार, आणि त्यांना जिंकणारा तो येशू, असा अर्थ तो लावतो. यहोशवाच्या भयानें मक्केदाच्या गुहेंत लपलेले पांच राजे म्हणजे त्याच्या मतें पांच इंद्रियें होत. हें वाचून आम्हांस केवढें आपलेपण वाटलें! इंद्रियांचे राजे आणि देहाची गुहा ही भाषा आमच्याकडील कोणत्याहि वारकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाहीं. आणि ओरिजेन हा सुखांत बसून रूपकें रचणारा पंडित नव्हता. त्याच्या बापास ख्रिस्ती म्हणून ठार मारण्यांत आलें होतें, आणि म्हातारपणीं त्याला स्वतःलाहि रोमन सत्तेखालीं तुरुंगांत छळ सोसावा लागला. बाहेरचा शत्रु काय असतो हें पुरतें ठाऊक असूनहि त्यानें आंतला शत्रु मोठा मानला.

शिवाय ह्या कथा मराठीस परक्या आहेत असें तरी कोठें आहे? फादर स्टीफन्स यानें गोव्यांत रचिलेलें आणि १६१६ सालीं छापलेलें 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठींत आहे, आणि त्याचा पहिला भाग जुन्या करारांतील कथांचा आहे. त्याहून जवळचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें. ठाण्यास बेने इस्राएल लोकांचें १८७९ सालीं बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. कोंकणांत शतकानुशतकें तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' या नांवानें ओळखले गेलेले हे यहुदी लोक. मायबोली त्यांची मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं आपल्या धर्मग्रंथांतील चरित्रें चक्क मराठी कीर्तनांत बसविलीं. ज्या नारदीय कीर्तनाचा हा घाट, त्याचीं अंगें दोन: पूर्वरंगांत तत्त्वाचें निरूपण, उत्तररंगांत आख्यान. लढाईची कथा वाचण्याची याहून निरोगी रीति आम्हांस ठाऊक नाहीं. निरूपण निरूपणाच्या जागीं आणि आख्यान आख्यानाच्या जागीं. एकानें दुसऱ्यास गिळावयाचें नाहीं. या गोष्टीचें महत्त्व मात्र आम्हांस पुढें फार उशिरा कळलें.

तूर्त आम्हीं ओरिजेनचा हात धरून वाचण्यास आरंभ केला. गिदोनाची गोष्ट शास्त्यांच्या पुस्तकांत आहे. मिद्यानी लोकांशीं लढावयास त्यानें बत्तीस हजार माणसें जमविलीं. त्यांतील बावीस हजार भ्यालेलीं म्हणून घरीं गेलीं, उरलेल्या दहा हजारांतून तीनशें निवडलीं गेलीं, आणि त्या तीनशेंनीं घागरींत दडविलेल्या मशाली आणि रणशिंगें एवढ्यावर शत्रूची छावणी उधळली. लढण्यासाठीं माणसें कमी करावीं लागतात, हें वाचून आम्हांस हंसूं आलें. कारण अकरा गुंठ्यांच्या आमच्या लढाईंत वर्षागणिक माणसें वाढतच होतीं. मामेभाऊ आले, शेजारी आले, साक्षीदार आले, आणि प्रत्येकानें येतांना आपला एक जुना राग बरोबर आणला.

मग आखानाची गोष्ट आली. यरीहो पडल्यावर आय नांवाच्या लहानशा गांवापुढें तेंच विजयी सैन्य पळत सुटलें. कारण शोधूं जातां असें निघालें कीं आखान नांवाच्या एका माणसानें लुटींतला एक सुंदर झगा, रुपें आणि सोन्याची एक वीट आपल्या तंबूंत जमिनीखालीं पुरून ठेवली होती. पराजयाचें कारण शत्रूच्या तटांत नव्हतें. तें आपल्याच तंबूखालीं होतें. ही कथा वाचतांना आम्हांस आमचा तंबू आठवला. आईच्या सोन्याच्या पाटल्या आमच्या कपाटांत होत्या. वांटणीच्या वेळीं त्यांचा उल्लेख राहून गेला होता. दादांनीं त्या कधीं मागितल्या नाहींत, आणि त्यांनीं मागितल्या नाहींत म्हणून आम्हीं दिल्या नाहींत. अकरा गुंठ्यांविषयीं आम्हीं नऊ वर्षें साऱ्या गांवाला सांगितलें. पाटल्यांविषयीं घरांतहि कधीं बोललों नाहीं.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. तेव्हां आम्ही पानें मागें उलटून उत्पत्तीच्या पुस्तकांतील याकोबाची रात्र पुन्हां वाचली. याकोबानें आपल्या वडील भावाचा, एसावाचा, आशीर्वाद कपटानें घेतला होता आणि तो देश सोडून पळाला होता. वीस वर्षांनीं तो परत येतो, तों एसाव चारशें माणसें घेऊन सामोरा येत असल्याची बातमी लागते. भयानें तो भेटीचीं जनावरें पुढें पाठवितो, बायकामुलांना यब्बोक नदीच्या उतारावरून पलीकडे धाडतो, आणि स्वतः एकटा मागें राहतो. तेथें कोणी एक पुरुष पहाट होईपर्यंत त्याच्याशीं कुस्ती करतो. याकोबाच्या मांडीचा सांधा उखळतो, परंतु आशीर्वाद घेतल्यावांचून तो त्याला सोडीत नाहीं. त्या आशीर्वादांत त्याला नवें नांव मिळतें, तें 'इस्राएल'. सकाळीं तो लंगडत नदी ओलांडतो. समोरून एसाव धांवत येतो, त्याच्या गळ्यांत पडतो, आणि दोघे भाऊ रडतात. चारशें माणसांची लढाई झालीच नाहीं. ती आदल्या रात्रीं एकट्यानें लढून संपविली होती. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलचीं मुलें. आमच्या कोंकणांतील त्या तेल्यांचें नांवच मुळीं भावाला भेटण्यापूर्वींच्या या रात्रीवरून पडलेलें आहे!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाटल्या रुमालांत बांधल्या आणि भर पावसांत निघालों. गुडघ्यामुळें आम्हीहि लंगडतच होतों. दादा ओटीवर एक जुनें इरलें नीट करीत बसले होते. त्यांनीं वर पाहिलें.

"भिजलास ना? आंत ये," ते म्हणाले.

आम्हीं रुमाल त्यांच्यापुढें ठेवला. "दादा, ह्या आईच्या."

त्यांनीं तो सोडून पाहिला नाहीं. "ठाऊक आहे," एवढेंच म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकावयास सांगितला.

हा लेख येथें संपता तर वाचकांस बरें वाटलें असतें, आणि आम्हांसहि. शत्रु बाहेर नाहीं, आंत आहे, असा सिद्धांत हातीं आला. तो खराहि ठरला. परंतु उघडीप झाल्यावर आम्ही दोघे भाऊ ती जमीन पाहण्यास गेलों. गवतांत चार मेढींचे खळगे आणि चुलीचे तीन दगड उघडे पडले होते. तेथें एका कातकरी कुटुंबाचें खोपटें होतें. वडिलांनींच त्यांना तेथें राहूं दिलें होतें, आणि पुढें दोन्ही घरच्या लावणीला व कापणीला तीं माणसें येत असत. मोजणीच्या वेळीं जागा रिकामी दिसली पाहिजे असें आम्हांस वाटलें, आणि दादांनाहि तसेंच वाटलें. नऊ वर्षांत आम्हां भावांचें ज्या एका गोष्टीवर एकमत झालें ती ही. तीं माणसें कोठें गेलीं हें आम्ही कोणीं विचारलें नव्हतें. वीटभट्टीवर गेलीं तीं परतलीं नाहींत, असें आतां शेजारच्या वाडींत कळलें.

चुलीच्या त्या तीन दगडांपाशीं आम्हांस यरीहोचा तट पुन्हां दिसला, आणि या वेळीं तो आंतून दिसला. कनान देश रिकामा नव्हता. तेथें कोणी राहत होतें. आमच्या सुंदर निरूपणांत आमचा लोभ शत्रु झाला, दादा पुन्हां भाऊ झाले. परंतु खोपट्यांतल्या माणसांना त्यांत जागाच नव्हती. तीं कोणत्या विकाराचें प्रतीक? आखानाचा अपराध उघड झाला तेव्हां त्याच्याबरोबर त्याच्या मुलांमुलींनाहि दगडमार झाला, असें त्याच अध्यायांत आहे. आम्हीं तें वाचून सोडून दिलें होतें. त्या मुलांनीं तंबूखालीं काय पुरलें होतें?

कोणी म्हणेल, कॅथलीन केन्यन या विदुषीनें १९५२ ते १९५८ या काळांत यरीहो येथें उत्खनन केलें, आणि यहोशवाचा म्हणून मानल्या जाणाऱ्या काळांतील तट तेथें सांपडला नाहीं. मग जी कत्तल कदाचित् झालीच नाहीं तिचा शोक कशासाठीं? याचें उत्तर पुढच्या इतिहासानें दिलें आहे. १६३७ सालीं उत्तर अमेरिकेंत पीकॉट लोकांचें कुंपणबंद गांव इंग्रज वसाहतवाल्यांनीं बायकामुलांसकट जाळलें. त्यांतील एका कप्तानानें मागाहून या कृत्याच्या समर्थनार्थ दाविदाच्या लढायांकडे बोट दाखविलें. यरीहोची कत्तल झाली असो वा नसो, असल्या कथांच्या आधारावर कत्तली झाल्या हें खरें आहे.

तेव्हां ह्या कथा शब्दशः घेणारा वाचक भयंकर, हें उघड आहे. परंतु त्यांचा केवळ आंतला अर्थ घेणारा वाचकहि निर्दोष नाहीं. पहिला मेलेल्याला शत्रु म्हणतो, दुसरा त्याला प्रतीक म्हणतो. माणूस कोणीच म्हणत नाहीं. खुद्द ग्रंथ या दोघांहून प्रामाणिक आहे. दाविदाला देवाचें मंदिर बांधावयाचें होतें. पण त्याच्या हातून फार रक्त सांडलें म्हणून तें काम त्याला मिळालें नाहीं, त्याच्या मुलास मिळालें, असें इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांत दाविदाच्याच तोंडून सांगितलें आहे. जिंकलेल्या लढायांचा हिशेब तेथें पुसलेला नाहीं. त्या ज्याच्या त्याच्या नांवें मांडलेल्या आहेत.

ओरिजेनचें बोट आम्हीं सोडलेलें नाहीं. सोडावें असें वाटतहि नाहीं. त्याच्या वाटेनें न जातां आम्ही दादांच्या ओटीपर्यंत पोंचलोंच नसतों. परंतु पूर्वरंगांत रमून उत्तररंग ऐकावयाचाच राहिला, ही आमची चूक. शत्रूचा शोध आंत करावा. ज्यांची हानि झाली त्यांचा शोध मात्र बाहेरच केला पाहिजे. पहिला शोध एका रात्रींत पुरा होतो, कारण तेथें आपण एकटेच असतों. दुसऱ्यास किती वर्षें लागतील तें सांगतां येत नाहीं.

दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू झाल्या तेव्हां आम्ही दोघे भाऊ दोन वेळां भिवंडीच्या बाजूस जाऊन आलों. तीं माणसें भेटलीं नाहींत. पावसाळ्यांत भट्ट्या बंद होतात आणि कातकरी आपापल्या वाडीस परततात. येत्या ज्येष्ठांत पुन्हां चौकशी करावयाची असें ठरलें आहे. दावा मागें घेतला आहे. अकरा गुंठ्यांची वांटणी केलेली नाहीं, आणि चुलीचे दगड जेथल्या तेथें आहेत. सध्यां आकाश निवळलें असून माहुली सकाळपासून स्वच्छ दिसते. संध्याकाळीं आम्ही दादांच्या ओटीवर बसतों, आणि तेथून डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या वाड्यांतला धूरहि दिसतो. तो नऊ वर्षांपूर्वींहि दिसत असलाच पाहिजे.